साल नसलेल्या कांड्या

२०२३ साल. मला सहासष्ट पूर्ण झाली होती. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण वडगावच्या यंत्रमागावर. मागाचा मालक थकला, माग भंगारात गेले आणि मी उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एका शेडमध्ये कामाला लागलो. तिथं लॅपटॉपच्या, विजेवरच्या स्कूटरच्या जुन्या बॅटऱ्या येतात. त्यांतली वीज उतरवून त्या उघडल्या की आतून बोटाएवढे सेल निघतात. काहींत कोबाल्ट आणि निकेल, हे किमती धातू. काहींत नुसता लोखंडाच्या जातीचा स्वस्त मसाला. दोन्हींची सरमिसळ झाली तर पुढं धातू काढणाऱ्याचा माल बिघडतो, म्हणून आधी निवडायचं. ते माझं काम.

मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवतात. सेल मला तसाच दिसला, म्हणून मी त्याला कांडी म्हणालो. हळूहळू सगळी शेड कांडी म्हणायला लागली. नवीन आलेल्या तरुण साहेबांना ते खपलं नाही.

"आजोबा, सेल म्हणा. आणि निवडायच्या टेबलावर बसायचं तर त्यावरचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे. उद्यापासून तुम्ही गेटवर."

"गेटवर कुत्रं बी बसतंय, साहेब. मी न्हाय बसणार."

शेजारी बसणारी अनगोळची आक्का कुजबुजली, "अण्णा, गप बसा की. खुर्ची मिळतीया, शिट्टी मिळंल."

"शिट्टी तूच वाजव गं."

मग मी साहेबांना विचारलं, "ज्या कांडीचं प्लास्टिकचं साल निघालंय, तिच्यावरचं कोण वाचतंय?"

"तसल्या आम्ही मशीनवर तपासतो."

"मग आज माझ्यावर तपासा."

साल नसलेल्या वीस कांड्या त्यांनी पुढं ओतल्या. मी एकेक तळहातावर घेतली. अर्धवट भरलेली कांडी धोट्यात गेली की साडीच्या विणीत खोट, म्हणून ती आधीच वजनावरून ओळखायची, हे चाळीस वर्षं हातात मुरलेलं. लोखंडाच्या जातीची कांडी जरा हलकी असते. फरक इवलासा, पण हाताला कळतो. मी दोन ढीग केले. साहेबांनी विसाच्या वीस मशीनला लावल्या. एकोणीस बरोबर. एक कोबाल्टची मी हलक्यांत टाकली होती.

"चुकलात, आजोबा."

"लांबनंच वास घ्या तिचा."

थिनरसारखा गोडसर वास होता. कांडी गळून आतून वाळली होती, म्हणून वजन कमी. मी म्हणालो, "वजन मी बरोबरच सांगितलं. कांडी खोटं बोलली."

आक्का हसत सुटली. "साहेब, मग त्या कांडीलाच गेटवर बसवा!"

साहेबही हसले असते, पण आवरलं त्यांनी. म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, मान्य. पण नियम वरून आलाय. मी विचारून बघतो, तोवर गेटच." आणि त्यांनी घडी केलेला खाकी शर्ट माझ्या हातात दिला.

मी शर्ट घरी नेला. बायको म्हणाली, मापाचा हाय. तेवढ्यानंच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी शेडवर गेलो. गेटवरच्या खुर्चीच्या पाठीला तो खाकी शर्ट चढवला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली, आणि आत जाऊन टेबलावर कांड्या निवडायला बसलो.