पावणेचार लिटर

गाडी शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही, हा काकूंचा नियम. पहिल्या दिवशी बॉनेट उघडायचं, डिपस्टिक बाहेर ओढायची, फडक्याने पुसायची, आत सारायची, पुन्हा ओढायची आणि इंजिनातलं ऑइल कुठवर आलंय ते डोळ्यांनी बघून तोंडाने सांगायचं. लोक वैतागायचे. "अहो काकू, मी गाडी चालवायला आलोय, तिची नाडी बघायला नाही!" असं एकजण म्हणाला, तर काकूंनी त्याला दुसऱ्या दिवशीही तेच करायला लावलं. त्या डिपस्टिकला तिथे सगळे पट्टी म्हणायचे, म्हणून यांचं नाव पडलं पट्टीवाल्या काकू. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद नव्हती.

ड्रायव्हिंग स्कूल खरं तर काकांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं. एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि मागे पत्र्याची शेड. काकांच्या नजरेत मधोमध डाग पडला आणि डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली, तेव्हा काकू त्रेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांनी आयुष्यात कधी सायकलही धड चालवली नव्हती. पण नवऱ्याची गाडी शेडमध्ये धूळ खात उभी आहे हे त्यांना बघवेना. आठ महिन्यांत त्यांनी लायसन्स काढलं, पुढे शिकवायचं लायसन्सही काढलं. मधल्या काळात शेजाऱ्यांचं फाटक दोनदा पाडलं, ते सोडा. आता त्या बावन्न वर्षांच्या आहेत. चाळिशी उलटलेल्या, घरच्यांनी "तुला काय जमणार" म्हणून मोडीत काढलेल्या बायका खास त्यांच्याकडे येतात. दोनशेच्या वर बायका आज त्यांच्यामुळे रस्त्यावर गाडी हाकतात.

आणि त्या सगळ्या शिकल्या काकांच्या त्या एकाच गाडीवर. एकोणीस वर्षांची, मूळची पांढरी, आता दुधाच्या सायीच्या रंगाची. शिकाऊ गाडीचा जन्म म्हणजे नुसते हाल. दिवसभर पहिला गिअर, दुसरा गिअर, बंद पडली, चालू केली, चढावर अर्ध्या क्लचवर रडली. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, ऑइल दहा हजार किलोमीटरला बदला. दीर मीटर बघून म्हणायचे, "वहिनी, अजून सहा हजार बाकी आहेत." काकू म्हणायच्या, "भाऊजी, ही कुठे जात नाही, ही जागच्या जागी राबते. मीटरला काय कळतंय त्यातलं!" आणि दर आठ महिन्यांनी ऑइल बदलायच्या म्हणजे बदलायच्याच. दिरांनी त्यांच्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

त्या वर्षी एक नर्सबाई शिकायला आल्या. अंगाने दणकट, स्वभावाने त्याहून. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी अशी ओढली की वरचं कडं हातात आणि पट्टी वाकडी होऊन जमिनीवर. "नस सापडेना की मी पेशंटचा हातही असाच ओढते," म्हणून वर हसल्या. समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीने भंगारातून त्याच कंपनीच्या गाडीची पट्टी आणून बसवून दिली. "सेम टू सेम आहे काकू, बिनधास्त राहा," म्हणाला, आणि विषय संपला.

महिन्याभरात गाडी धूर सोडायला लागली. निळसर, कडवट वासाचा. आणि ऑइल प्यायला लागली. काकू सकाळी पट्टी बघायच्या तर ऑइल खालच्या रेघेवर. वरच्या रेघेपर्यंत भरायच्या. चार-पाच दिवसांत पुन्हा खालच्या रेघेवर. पुन्हा भरायच्या. जेवढं भरावं तेवढी जास्त पिणार, जेवढी पिणार तेवढा जास्त धूर. मिस्त्रीने धुरात हात फिरवून वास घेतला आणि मान हलवली. "पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या काकू, म्हणून ऑइल आत शिरून जळतंय. वय झालं तिचं. इंजिन उघडायचं म्हणाल तर गाडीपेक्षा इंजिन भारी पडेल." दीर तर चेष्टेवरच उतरले. "वहिनी, हिला आता पेट्रोल कशाला? हिला बाटलीच लागते!" काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण धूर तर सगळ्या गल्लीला दिसत होता.

सात महिने असे गेले आणि गाडीच्या तपासणीची तारीख आली. धुराची तपासणी. त्यात नापास झालेली गाडी शिकवायला वापरता येत नाही. दिरांनी सरळच सांगितलं, "बारा दिवस राहिलेत. नापास होणारच आहे. मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. माझ्या गाडीवर मी शिकवीन, तुम्ही ऑफिसात फोनवर बसा. आरामात."

आरामात! काकूंना तो शब्द असा झोंबला की त्या रात्री जेवल्या नाहीत. फोनवर बसायचं म्हणजे "हो, क्लास आहे, नाही, काकू आता शिकवत नाहीत" हे दिवसातून दहादा स्वतःच्याच तोंडाने सांगायचं. नऊ वर्षं ज्या खुर्चीवर बसायची वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती, ती खुर्ची आता समोर मांडलेली दिसत होती.

नेमका त्याच आठवड्यात ऑइल बदलायचा दिवस आला. काकूंनी नवा डबा आणि फिल्टर आणलेला बघून दिरांनी कपाळाला हात लावला.

"अहो वहिनी, बदलायचं काय त्यात? आपोआप बदलतंय की! जुनं जळतंय, तुम्ही वरून नवं ओतताय."

मिस्त्रीनेही री ओढली. "खरंय त्यांचं. पिणाऱ्या गाडीचं ऑइल कुणी बदलत नाही."

"असं?" काकू म्हणाल्या. "खरकट्या पातेल्यात रोज वरून पाणी घातलं की पातेलं घासलं जातं वाटतं तुमच्या घरी? जळतं ते ऑइल. गाळ तळाशीच बसतो. जायची असेल तर जाईल ती भंगारात, पण घाणीत बुडून नाही जाणार."

रविवारी सकाळी शेडमध्ये त्या गाडीखाली शिरल्या. काका शेजारी स्टुलावर बॅटरी धरून बसले होते. त्यांना धड दिसत नाही, त्यामुळे उजेड बहुतेक वेळ काकूंच्या डोळ्यांतच. "अहो, मला नका, गाडीला दाखवा!" असं तीनदा झालं. खालचा बोल्ट सुटला, काळंभोर ऑइल टबात पडलं, पार शेवटचा थेंब निथळेपर्यंत त्या थांबल्या. मग नेहमीसारखं ते जुन्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात ओतलं. डब्याच्या अंगावर लिटरच्या खुणा असतात. काकूंनी सवयीने बघितलं आणि तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

"काय झालं गं? गप्प का?" काकांनी विचारलं.

"अहो, पावणेचार लिटर निघालं."

"अडीच म्हणायचंय तुला."

"पावणेचार. दोनदा बघितलं."

काकांनी बॅटरी खाली ठेवली. "वेडी आहेस का? या इंजिनात मावतंच साडेतीन. आणि सकाळी पट्टीवर किती होतं?"

"खालची रेघ. म्हणजे अडीच."

जी गाडी सात महिने ऑइल पितेय, जिच्यात सकाळी ऑइल कमी दिसलं, तिच्या पोटातून भरलेल्या गाडीपेक्षा जास्त ऑइल निघालं होतं. काकू उठल्या, पट्टी ओढून काढली, खिळ्यांच्या डब्यात पडलेली ती जुनी वाकडी पट्टी शोधली, हातोडीने ठोकून सरळ केली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. नवी पट्टी जुनीपेक्षा दीड बोट आखूड होती. त्याच कंपनीची, पण दुसऱ्याच गाडीची. आखूड पट्टी ऑइलपर्यंत नीट पोचतच नव्हती, म्हणून भरलेलं इंजिनही कमी भरलेलं दिसत होतं. आणि ते दिसलं की काकू वरून ओतत होत्या. जास्तीचं ऑइल आत घुसळून, फेसाळून, वरच्या नळीतून हवेबरोबर जाऊन जळत होतं. धूर त्याचा होता.

"रिंगा नाही गेल्या," काका हळूच म्हणाले.

"मीच पाजत होते तिला," काकू म्हणाल्या, आणि मटकन पायरीवर बसल्या. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याची सालटी काढली असती. रोज न चुकता पट्टी बघणारी एकटी बाई, आणि तिनेच रोज न चुकता गाडीची वाट लावली होती. दुर्लक्ष करणाऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यांना रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं.

मग डोळे पुसून त्यांनी मापाने मोजून साडेतीन लिटर नवं ऑइल भरलं. थेंब इकडे नाही, थेंब तिकडे नाही. इंजिन चालू केलं, बंद केलं, दहा मिनिटं थांबल्या आणि आखूड पट्टी घालून बघितली. नुसतं टोक ओलं. खालच्या रेघेच्याही खाली. काकूंचा हात आपोआप डब्याकडे गेला. नऊ वर्षांची सवय ती! पण त्यांनी डबा बंद केला, कानस घेतली आणि जिथवर ओल होती तिथे पट्टीवर नवी रेघ कोरली. जुनी पट्टी चेपलेली, ती पुन्हा घालायची नव्हती.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी पट्टी बघितली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, इंजिन जाम होईल! मग मला बोल लावू नका." काकूंनी दोन्ही पट्ट्या त्याच्यासमोर धरल्या. त्याने बघितलं, डोकं खाजवलं आणि आपल्या गॅरेजकडे वळला. दीर मात्र म्हणाले, "हे सगळं पुस्तकी झालं वहिनी. धूर तर अजून येतोच आहे."

आणि तो येत होता! पहिला दिवस, दुसरा, तिसरा. सायलेन्सरमध्ये सात महिन्यांचं ऑइल साचलं होतं, ते जळून जायला वेळ लागणार हे काकूंना डोक्याने कळत होतं, पण मन कुठे ऐकतंय? रोज सकाळी त्या पट्टी ओढायच्या. ऑइल कोरलेल्या रेघेवर. दुसऱ्या दिवशी रेघेवर. चौथ्या दिवशीही रेघेवर, केसभरसुद्धा खाली नाही. पाचव्या दिवशी धूर विरळ झाला. सातव्या दिवशी खबर घ्यायला आलेल्या नर्सबाई गाडीच्या मागे पांढऱ्या कापसाचा बोळा धरून उभ्या राहिल्या आणि तसाच पांढरा बोळा उंच धरून ओरडल्या, "काकू, पेशंट बरा झाला!" काकूंचा जीव तिथे अर्धा भांड्यात पडला. अर्धा तपासणीसाठी राखून ठेवला.

तपासणीच्या दिवशी काकू, काका आणि दीर तिघेही गेले. फाटकाबाहेर भंगारवाला गाडी उचलून न्यायचा मोठा ट्रक घेऊन आधीच हजर. दिरांनी त्याला वेळ देऊन ठेवली होती. काकूंनी ट्रककडे बघितलं, दिरांकडे बघितलं आणि गाडी सरळ रांगेत लावली.

तपासणीसाने नळी लावली, गाडी रेस करायला सांगितली. काकूंनी पाय दाबला. इंजिन गरजलं. तो खाली वाकला, मागे बघितलं, यंत्रावरचे आकडे बघितले, पुन्हा मागे बघितलं. "आणखी दाबा." काकूंनी आणखी दाबलं. रांगेतले चारसहा टॅक्सीवाले बघायला जमले. मागे नुसती हवा.

"नवीन इंजिन बसवलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"रिंगा बदलल्या?"

"नाही साहेब. चुकीची पट्टी लागली होती, आणि मी सात महिने जास्तीचं ऑइल ओतत होते. ऑइल बदलायला काढलं तेव्हा कळलं. चूक माझी होती." काकूंनी हे सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात सांगितलं. टॅक्सीवाल्यांपैकी एकाने तिथल्या तिथे आपलं बॉनेट उघडलं.

तपासणीस हसला. "एकोणीस वर्षांच्या गाडीचे असले आकडे मी बघितले नाहीत," म्हणाला आणि कागदावर शिक्का मारला. पास. आणखी एक वर्ष.

काकूंनी तो कागद काकांच्या हातात दिला. काकांनी तो डोळ्यांना अगदी चिकटवला, एका कडेने तिरपा धरून शिक्का शोधला. "वाचता येत नाही मला," म्हणाले, "पण शिक्का दिसतोय गं." मग काकूही रडल्या, भर रांगेत, कुणाची पर्वा न करता. दीर फाटकाकडे गेले आणि भंगारवाल्याला स्वतः सांगून आले की ट्रक घेऊन जा, गाडी द्यायची नाही. परत येऊन म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं."

"चला, बसा आता," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी सात बायका यायच्यात माझ्या."

काका मागे बसले. दीर पुढे, शिकवणाऱ्याच्या जागेवर, जिथे ब्रेक आणि क्लचचे जास्तीचे पॅडल असतात. काकूंनी गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि बघितलं तर सवयीने दिरांचा पाय ब्रेकवर.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "पाय मागे घ्या."

त्यांनी घेतला. आणि काकूंनी गाडी फाटकाबाहेर काढली.