आठ दिवसांनी ऑफिस

कुठल्याही मोठ्या दिवसाची वाट बघायला लागा, दिवस कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. निदान आमच्या मुलुंडच्या घरात तरी असंच झालं.

मोठा दिवस माझाच होता. ओवी झाल्यापासून, म्हणजे साडेतीन वर्षं मी घरी होते. आता पुन्हा ऑफिस. ओवी मला सोडेल का, हा एकच प्रश्न. म्हणून त्या रविवारी मोबाइलवर काउंटडाउनचं ॲप टाकलं. ॲप म्हणालं, आठ दिवस!

नवऱ्याला दाखवलं. निखिल आयटीवाला. त्याने मान हलवली.

"चूक आहे. पाचच दिवस."

"आणि शनिवार-रविवार कुठे गेले?"

"ते बिलेबल नाहीत!"

* * *

खालच्या मजल्यावरची केतकी माझी प्लॅनिंगमधली गुरू. तिचा मंत्र एकच. "कुण्णाला खरी तारीख सांगायची नाही. बफर ठेवायचा!"

गेल्या महिन्यात तिच्या मुलाचा वाढदिवस रविवारी होता, तर तिने नवऱ्याला शनिवार सांगितला. नवरा तिला पुरता ओळखून. त्याने स्वतःचा बफर लावून डेकोरेटरला शुक्रवार सांगितला. डेकोरेटरही मुंबईचाच. फुगेवाला गुरुवारी सकाळी दारात हजर!

रविवारी आम्ही केक खायला गेलो, तेव्हा फुगे तोंड पाडून बसले होते. केतकी मात्र खूश. "बघ, एक तरी काम लेट झालं का?"

* * *

मग ऑफिसचा फोन. एचआरची मुलगी फारच उत्साही होती.

"मॅम, सोमवार तुमचा डे वन! आम्ही सगळे दिवस मोजतोय! फक्त लॅपटॉप डे फोरला मिळेल."

"मग तीन दिवस मी काय करू?"

"मॅम, सेटल व्हा ना!"

साडेतीन वर्षं माझ्या मांडीवर कोणीतरी सेटल होतंय. मला स्वतःला कुठे सेटल व्हायचं, हेच आठवेना.

* * *

ओवीला ॲप कसं दाखवणार? तिला मी म्हटलं, "तू आठ वेळा झोपून उठलीस ना, की आई ऑफिसला जाणार. मग आजी येणार तुझ्याकडे. झकास ना?"

तिने मान डोलावली. रडली नाही, काही नाही! मला वाटलं, जिंकलो यार.

दुसऱ्याच दिवसापासून पोरीने दुपारची झोप सोडली. पांघरूण ओढलं की उठून बसायची. डोळे लाल, पण टक्क उघडे. मी इंटरनेटवर शोधलं. कारणं सापडली ती दात, जंत, मोबाइल आणि आई. चौथ्या कारणावर मी लगेच विश्वास ठेवला.

* * *

माझ्या सासूबाई भांडुपला राहतात, मूळच्या मालवणकडच्या. त्यांनाही मी त्याच रविवारी फोनवर सांगितलं होतं, "आई, आठ दिवसांनी ऑफिस सुरू."

पुढच्या रविवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात सासूबाई, हातात पिशवी. मी पायजम्यात, तोंडात ब्रश.

"गो, तू अजून तयार नाय? ऑफिसाक जाऊचा नाय?"

"आई, ते उद्या! आज सात दिवस झाले."

"रविवारी सांगलंस ना? मगे आठ दिवसांनी रविवारच येतलो!"

"पण रविवारी ऑफिस कसं असेल?"

"हल्लीच्या ऑफिसांचो काय नेम!"

निखिल आतून ओरडला, "आई, करेक्ट!"

* * *

त्याच दुपारी सासूबाईंनी फर्मान काढलं, "पोरीक निजव. उद्या कटकट नको."

मी ओवीला कुशीत घेऊन पडले. थोपटत राहिले. उद्याची साडी, डबा, बसची वेळ, सगळं डोक्यात फिरत होतं. थोपटता थोपटता माझाच डोळा लागला.

कोणीतरी दोन्ही हातांनी माझ्या पापण्या वर ओढत होतं. नाकाला नाक लावून ओवी, डोळे लालभडक.

"आई, ऊठ ना गं! मी एवढी जागी राहते, आणि तू झोपून एक कमी करतेस!"