मास्तरांची बिनपत्राची कार्यशाळा

शिकवायचा एवढा सोस असलेला माणूस मी आमच्या वरच्या खोलीतल्या मास्तरांखेरीज दुसरा पाहिला नाही, आणि नारायणगावच्या बाजारात बसून मी आयुष्यभर माणसंच पाहिली आहेत. वारूळवाडीत आमचं घर आहे, वर एक खोली आहे, तिथे ते चार वर्षं भाड्यानं राहिले. ते मुलांना शिकवत नसत. शिक्षकांना गोळा करून, वर्गात कसं शिकवावं हे त्यांना शिकवायचं, अशी त्यांची नेमणूक होती. त्याला कार्यशाळा म्हणतात. मी चौथी शिकलेली. माझ्या वेळी शिक्षकांना शिकवायला कुणी जात नसे, आणि ते कळायचंही.

त्यांची आखणी लग्नाच्या वरताण. जिन्याच्या भिंतीवर कागद चिकटवलेले असायचे आणि त्यावर मिनिटाचा हिशेब. नऊ ते नऊ सात, स्वागत. नऊ सात ते नऊ दहा, विनोद. नऊ दहा ते नऊ अकरा, हशा. मी एकदा विचारलं, "आन् हशा आलाच न्हाई तर?"

"येतो आजी. विनोद मी आधी तपासून घेतो."

"कुनावर?"

"तुमच्यावरच की."

"मी कवा हसले?"

"म्हणून तर तीन काढून टाकले."

तालीम आमच्या अंगणात चाले. टोमॅटोचे दहा-बारा क्रेट उलटे मांडायचे आणि त्यांना शिक्षक समजायचं. मधोमध मी, वाटाणे सोलत. कोपऱ्यातल्या क्रेटला ते दर वेळी "सर, मोबाईल आत ठेवा" म्हणून सांगायचे. एका तुटक्या क्रेटला शंका फार यायच्या, आणि त्याचं समाधान करता करता मास्तरांना जेवायला उशीर व्हायचा. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. मी त्यांना सांगायची, "काय न्हाई, पावनं, सरकारी काम हाय."

पण खरे शिक्षक क्रेटइतके गुणी नव्हते. कचेरीचं पत्र निघालं की ते यायचे, सही करायचे, चहा प्यायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे. हे मास्तरांना फार लागायचं. एक दिवस साहेबांसमोर ते बोलून बसले, "पत्र न काढता कार्यशाळा घेतो. वीस शिक्षक आपणहून आले नाहीत, तर हे काम सोडून पुन्हा शाळेवर जातो." साहेबांनी लगेच होकार दिला. जागा ठरली अवसरी बुद्रुकची शाळा, वार शनिवार. घरी आल्यावर त्यांचा चेहरा पाहून मी म्हटलं, "जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "आजी, ह्या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही." हे मात्र खरं होतं. साधा चहा त्यांना करता यायचा नाही.

मग जाहिरात सुरू झाली. पत्र नाही, तर शिक्षक एका जागी भेटणार कुठे? आमच्या भागात ते भेटतात दहाव्याला. कुणी गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी हजार माणूस जमतं आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं चालतात. त्याच आठवड्यात माझ्या चुलत दिरांचा दहावा होता. त्यांनी उभा जन्म मेंढरं राखली, शाळेची पायरी चढले नाहीत. मास्तर माईकपाशी गेले आणि म्हणाले, "बाबा शेवटपर्यंत शिकत राहिले. मेंढराला हाकायचं कधी आणि आपलं आपण चरू द्यायचं कधी, हे त्यांना बरोबर कळायचं. ज्या शिक्षकांना असंच शिकत राहायचंय, त्यांनी शनिवारी नऊ वाजता अवसरीच्या शाळेत यावं. जेवण आहे." आणि नेमका त्याच वेळी कावळा शिवला. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या राव, कावळ्यानं नाव नोंदीवलं!"

मी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. "लाज सोडली का, मास्तर?"

"आजी, एवढे शिक्षक बिनपत्राचे आणखी कुठं मिळणार?"

शुक्रवारी सकाळी तालमीत ते तीन तास बोलले. विषय होता, मुलांना बोलू द्या. शेवटी मी वाटाण्याची पाटी बाजूला सारली. "पोरांना बोलू द्या म्हनताय, आन् सकाळधरनं एकलेच बोलताय. मेंढरागत आमाला नुसतं हाकताय. चरू कवा देनार?"

ते वर गेले. तासाभरानं जिन्यात नवा कागद लागला. त्यावर एकच ओळ होती: नऊ ते चार, आजी.

"तुम्हाला काय येत नाही?" त्यांनी विचारलं.

"भागाकार," मी म्हटलं. "चौथीनंतर मेंढरांमागं गेले, त्यो तिथंच ऱ्हायला."

शनिवारी मी अवसरीला गेले. जाताना मास्तरांच्या हातात खडीसाखरेची पुडी दिली. तोंडात खडा असेपर्यंत बोलायचं नाही, असं बजावलं. नऊ वाजता शिक्षक आले होते नऊ. मास्तरांचा चेहरा पडला, पण खडा तोंडात होता. मग एकेकानं फळ्याशी येऊन मला भागाकार शिकवायला घेतला. पंच्याहत्तर भागिले तीन. मी एकच विचारत होते, "वरचा पाच खाली का आनायचा?"

"तशी पद्धत आहे, आजी."

"कुनाची?"

अकरापर्यंत चारजण घामाघूम झाले. मग फोन सुरू झाले. "अरे, इथं एक म्हातारी बसलीय, कुणाला आवरत नाही. तू ये!" जत्रेत कुस्ती बघायला यावं तसे मंचरहून, नारायणगावाहून गाड्यांवर शिक्षक यायला लागले. आलेला प्रत्येकजण खडू मागायचा. मास्तर कोपऱ्यात उभे राहून खडीसाखर चघळत होते.

जेवणानंतर जुन्नरची एक तरुण बाई उठली. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. मावशीला द्यायच्या बांगड्या तिच्या पिशवीत होत्या. तिनं दहा-दहाच्या सात जुड्या बांधल्या, पाच सुट्या ठेवल्या. "आजी, तीन नातींना सारख्या वाटा." मी प्रत्येकीला दोन जुड्या ठेवल्या. एक उरली.

"आता हिचं काय करायचं?"

"काय म्हंजे? दोरा सोडायचा." मी सोडला. दहा सुटल्या, त्या पाचांत मिसळल्या, पंधरा झाल्या. पाच-पाच वाटल्या. पंचवीस. म्हणजे पाच उगाच खाली येत नाही. सुटलेल्या दहांना तो जाऊन मिळतो.

मी त्या बाईला म्हटलं, "येवढंच व्हतं? मंग मला तवा कुनी का न्हाई सांगितलं?"

खडू मागणाऱ्यांनी खडू फळ्याखाली ठेवून दिले. हशा काही आला नाही. चार वाजता मास्तरांनी माणसं मोजली. तेवीस. पुडी रिकामी होती.

मास्तरांचं काम टिकलं, आणि नाव झालं म्हणून पुढच्या वर्षी त्यांना नाशिककडे नेलं. वरच्या खोलीत आता आळेफाट्याच्या गॅरेजमधला एक मिस्त्री राहतो. शांत माणूस आहे, चहाही चांगला करतो. क्रेट अंगणात उलटेच पडलेत. टोमॅटो निघाले की सरळ करीन.

परवा मास्तरांचा फोन आला. "आजी, इकडे एक कार्यशाळा घ्यायचीय, बिनपत्राची. अजून काय येत नाही तुम्हाला?"

अपूर्णांक येत नाहीत, मी सांगितलं. नातीनं दोनदा शिकवायला घेतले होते. मी तिला म्हटलं, राहू दे, एवढ्यात नको.