भाईदासचा हळू आवाज

भाईदास पाटील साधं ‘चहा घे’ म्हणाला तरी समोरच्याला वाटायचं, हा भांडायलाच उठला. त्यात त्याचा दोष नव्हता. शिरपूरकडून सुरतेच्या लिंबायतला येऊन त्याला चोवीस वर्षं झाली होती आणि ती सगळी कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेली होती. तिथं बोलायचं ते हाताच्या खुणांनी, नाहीतर ओठ बघून, आणि तेही जमलं नाही तर बेंबीच्या देठापासून ओरडून. ती सवय तो रोज घरी घेऊन यायचा. बायको धुरपदाबाईनं त्यापुढे कधीच हात टेकले होते.

आता मात्र या आवाजापायी चांगलं काम हातचं जायची वेळ आली. पलसाण्याच्या एका नव्या कारखान्याला नवख्या कारागिरांना शिकवायला जाणता माणूस हवा होता. भाईदासचे गुडघे बारा तास उभं राहायला नको म्हणत होते, आणि शिकवणं तर त्याच्या अंगातच होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांना तुटल्या धाग्याची गाठ त्यानंच शिकवलेली. तो मुलाखतीला गेला. साहेबांनी नाव विचारलं, ते त्यानं असं सांगितलं की बाहेरचा शिपाई धावत आत आला. साहेब भला माणूस. म्हणाले, काम तुम्हाला येतं यात शंका नाही, पण शिकवायचं आहे बंद खोलीत. माणसं पहिल्याच दिवशी पळतील. सोमवारी परत या, हळू बोलता आलं तर जागा तुमची.

भाईदास तोंड पाडून घरी आला. ही गोष्ट शेजारच्या पंडितला कळली आणि अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला. पंडित त्याच्याच लूमवरचा, त्याच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं तोड काढली. रोज संध्याकाळी भाईदासनं ओट्यावर बसून हळू आवाजात गाठीचा धडा द्यायचा, पंडितनं चौघांना घेऊन तिसऱ्या दाराशी बसायचं, आणि शब्द ऐकू आला की हात वर करायचा. पहिल्या दिवशी सगळे हात वर. गुरुवारी एकही हात हलला नाही. पंडितनं खुशीत सगळ्यांना चहा मागवला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून नीलम डोकावली. ही अकोल्याकडची, बाळंतपण आटोपून त्याच दिवशी माहेराहून परतलेली.

“मामा, मले तं वर एकेक शब्द ऐकू आला.”

तेव्हा कुठं उजेड पडला. परीक्षा घ्यायला बसलेले सगळे लूमवाले, वीस-वीस वर्षं त्याच खडखडाटात काढलेले. कान सगळ्यांचेच गेलेले. एवढी साधी गोष्ट त्या शहाण्यांच्या ध्यानात आली नव्हती. धुरपदाबाईनं ती पहिल्याच दिवशी सांगितली होती, पण ती हळू बोलते, त्यामुळे कुणाला ऐकूच गेली नव्हती. आता ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

शुक्रवारपासून परीक्षक बदलला. नीलमच्या बाळाची झोळी खाली ओट्याशी बांधली आणि भाईदासनं बाळाला न उठवता बोलायचं ठरलं. शुक्रवारी बाळ तीनदा उठलं, शनिवारी एकदा. पंडितची मंडळी तरीही येऊन बसायची. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं; लूमवर बघावं तशी ती त्याच्या ओठांकडे बघत राहायची आणि तो अडला की हवेत गाठ मारून दाखवायची. ते बघून भाईदासला भरून यायचं. आपल्यासाठी कुणी एवढं बसलं होतं असं त्याला आठवत नव्हतं. रविवारी पूर्ण धडा झाला आणि बाळ निजूनच राहिलं.

सोमवारी दुपारी तो रिक्षातून उतरला तेव्हा ज्यांची पाळी नव्हती ते सगळे दारांत उभे होते. भाईदास ओट्यापाशी आला आणि मान खाली घालून, नव्या मऊ आवाजात म्हणाला, “उद्यापासून ये म्हणाले.”

कुणालाच कळलं नाही. ओठही दिसले नव्हते. पंडितनं कानामागे हात धरला.

“भाऊ, आमले काहीच ऐकू येस नही. जोरमा सांग.”

भाईदासनं झोळीकडे बोट दाखवलं. बाळाचा नुकताच डोळा लागला होता.

नीलम झोळीची दोरी धरून उभी होती. “सांगा मामा,” ती म्हणाली. “उठलं तं उठू द्या.”

मग भाईदासनं चोवीस वर्षांच्या आवाजात सांगितलं. बाळ दचकून रडायला लागलं. तिसऱ्या दाराशी पंडितनं हात वर केला, आणि त्याच्यामागोमाग सगळ्या गल्लीनं.