केशरबाईंची यादी

केशरबाई भालेराव मिशनच्या बायबलबाई होत्या. राहात्याच्या आसपासच्या सहा गावांत ख्रिस्ती घरांतून फिरायचं, बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं आणि जिच्या मांडीवर तान्हं असेल तिला आईपणाची पुस्तकं द्यायची, हे त्यांचं काम. नवरा लवकर गेला, लेक नाशकाला दिली, आणि बाई बावीस वर्षं पायीच हिंडत राहिल्या. चपला झिजवल्या असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण पहिली दहा वर्षं पायात चपला नव्हत्याच.

१९४५च्या नोव्हेंबरात मडमसाहेबांनी त्यांना बंगल्यावर बोलावून घेतलं. लढाई संपली होती, कागद पुन्हा मिळू लागला होता आणि मिशनच्या मासिकात नाताळच्या अंकासाठी एक यादी छापायची ठरली होती. लहान मुलं असलेल्या ख्रिस्ती आयांनी कोणती पुस्तकं वाचावीत, याची.

"तुम्ही इतकी वर्षं पुस्तकं देता," मडम म्हणाल्या. "बायकांना विचारा, कोणतं उपयोगी पडलं. सहा नावं आणा. खाली तुमचं नाव छापू."

आता बायबलबाई झाली म्हणून काय, माणूसच ना. छापील अक्षरात आपलं नाव येणार या विचारात केशरबाई त्या दिवशी घराच्या पुढे दोन घरं निघून गेल्या आणि मग परत फिरल्या.

बायकांना पुस्तकांची नावं ठाऊक नसत. त्यांच्या लेखी एक होतं 'कोकराचं', म्हणजे मुलांना सांगायच्या गोष्टींचं. एक 'तांबडं', प्रार्थनांचं. आणि एक 'निळं'. निळ्यात तान्ह्याचं सगळं होतं: अंघोळ, दूध, दात, दुखणी, शिस्त. यादीत पहिलं निळंच लागणार याबद्दल केशरबाईंच्या मनात शंका नव्हती, कारण सगळ्यात जास्त मागणी त्यालाच होती.

ही मागणी कशी आली, ते सांगायला हवं. बाप्तिस्मा झाला, येशूचं नाव घेतलं, तरी बाहेरची बाधा होऊ नये म्हणून पोराच्या उशाखाली विळा ठेवायची रीत काही सुटेना. मिशनला ते अजिबात खपत नसे. पाळकसाहेब रागावून थकले. शेवटी केशरबाईंनी आपल्या डोक्यानं तोड काढली. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या स्वतः घरी जायच्या, उशाखालचा विळा काढून चुलीपाशी ठेवायच्या, त्या जागी निळं पुस्तक ठेवायच्या आणि प्रार्थना करायच्या. हे मात्र बायकांना झटक्यात पटलं. दोन-तीन वर्षांत उशाचे सगळे विळे गेले. मडमसाहेबांनी विलायतेला तसं पत्रसुद्धा लिहिलं. पुढं पुढं तर उशाला निळं पुस्तक आल्याशिवाय बाप्तिस्मा पुरा झाला असं कुणाला वाटेना. पाटलाची सून एकदा हळूच विचारून गेली, आमाला बी एक मिळंल का म्हणून.

यादीसाठी केशरबाईंनी गावं धरली. उत्तर सगळीकडं एकच.

"लई गुनाचं हाय, बाई, निळं."

"कशात गुण आला?"

"पोर रडत न्हाई बगा. खुरपायला गेलं तरी निवांत निजतंय."

आणि फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक निघायचं ते कालच छापल्यासारखं कोरं. केशरबाई ते उघडायच्या आणि त्यांचा चेहरा उतरायचा. छापखान्यातून पुस्तकं यायची ती कडा न कापलेली. पहिली आठ पानं तेवढी सुटी, पुढची चार-चार वरून जोडलेली, वाचणाऱ्यानं सुरीनं फाडून घ्यायची. कुणीच फाडली नव्हती. रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? खुद्द केशरबाईंच्या पिशवीतलं पुस्तकही तसंच होतं. शाळेत त्यांना मास्तरणीनं हातावर छड्या मारून शिकवलं होतं की पुस्तकाला इजा करायची नाही, आणि लढाईत कागद मिळेना तेव्हा तर मडमनीच सांगितलं होतं, प्रती जपा. मग सुरी कोण लावणार? मातांच्या सभेत त्या पहिली आठ पानं वाचायच्या, प्रार्थना आणि अंघोळ. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. अशी अकरा वर्षं गेली आणि कुणाचं काही अडलं नाही.

पण नाताळाआधी मडम स्वतः घरोघर येणार होत्या. त्यांनी एक जरी पुस्तक उघडलं असतं, तरी केशरबाईंची शोभा झाली असती. म्हणून शेवटच्या गावात, राहीबाईच्या घरी, त्यांनी ठरवलं की आता आपणच पानं फाडून सुटी करायची, म्हणजे वाचल्यासारखी दिसतील. लबाडीच ती, दुसरं काय.

राहीबाई पंचविशीची. तिचा नवरा गोरक्ष उसाच्या गाडीवर आणि ती खुरपणीला. तिचा पहिला मुलगा मीखा आठ महिन्यांचा होऊन झोपेतच गेला होता. त्याला मातीआड करताना केशरबाईंनीच गीत म्हटलं होतं. आता शमुवेल सात महिन्यांचा झाला होता, आणि हा तेवढा आठव्यातून पार पडावा म्हणून राहीबाई दिवस मोजत होती.

दुपारच्या सुट्टीत ती पोराला पाजायला घरी आली होती, गोरक्षही बैल सोडून बाहेर टेकला होता. पोर झोळीत गाढ निजलेलं.

"उठीव की त्याला," केशरबाई म्हणाल्या.

"निजू द्या. दात येत्यात, रातभर किरकिर केलीया. सकाळी दोनदा गोळी दिली तवा कुठं निजलं."

गोळी म्हणजे अफूची, मोहरीएवढी. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. शेतावर जाणारी कुठली आई देत नव्हती? केशरबाईंनीही आपल्या लेकीला दिलेली. त्यांनी नुसती मान हलवली, उशाचं पुस्तक काढलं, चुलीपाशी पडलेला विळा उचलला आणि पानं फाडायला बसल्या. राहीबाई भाकरी खात बघत राहिली.

पानं फाडता फाडता डोळे आपोआप ओळींवर गेले. वाचायची सवयच होती त्यांना. 'अफू दिलेले मूल शांत दिसते, पण ती निरोगी झोप नव्हे. डोळ्यांतील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. श्वास मंद होत जातो. अनेक मुले अशीच झोपेत दगावतात. अशा मुलास निजू देऊ नये. तोंडावर गार पाणी मारावे व तत्काळ दवाखान्यात न्यावे.'

केशरबाईंनी ते दोनदा वाचलं. मग उठून झोळीपाशी गेल्या आणि शमुवेलची पापणी बोटानं वर केली. बाहुली जवळजवळ नव्हतीच. पोराची छाती हलली, थांबली, आणि बराच वेळ पुन्हा हललीच नाही.

"गोरक्षाला हाक मार. गाडी जुंपाया सांग."

"काय झालं?"

"मागनं सांगते. आदी पानी दे."

चार मैलांचा रस्ता. बैल पळत होते, गोरक्ष त्यांना शिव्या घालत होता आणि बायबलबाई गाडीत बसली आहे याचं त्याला भान नव्हतं. केशरबाई पोराच्या तोंडावर पाणी मारत होत्या, तळपायाला चिमटे घेत होत्या. तोंडानं प्रार्थना चालू होती, पण तिचे शब्द धड जुळत नव्हते. राहीबाई एकच विचारत होती, "ह्यो जगंल ना?" केशरबाई चिमटे घेत राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरनं नळीनं पोराच्या पोटात काळी कॉफी घातली, सुई टोचली आणि दोन्ही बायकांना आळीपाळीनं त्याला हलवत ठेवायला सांगितलं. दिवस मावळायच्या सुमारास शमुवेल रडला. आधी बारीक, मग घसा फोडून. घरी गप्प निजलेल्या पोराला निजू द्या म्हणणारी राहीबाई त्या रडण्यानं हमसून हमसून रडली. डॉक्टर म्हणाला, तासभर उशीर झाला असता तर इथं आणण्यात काही राम नव्हता.

मग व्हरांड्यात दोघीच बसल्या. पोर दूध पीत होतं.

"मीखा बी असाच निजायचा," राहीबाई म्हणाली. "तुमी त्या पुस्तकात बगून वळखलं ना?"

"व्हय."

"मीखाच्या उशाला बी त्येच हुतं. तवा बी त्यात ल्हिलेलं हुतं?"

पुस्तक नंतर सुधारून छापलं, असं सांगता आलं असतं. राहीबाईला काय कळणार होतं? केशरबाईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

"हुतं," त्या म्हणाल्या. "म्या वाचलं न्हवतं. पानं जोडल्याली हुती, म्या कदी फाडलीच न्हाईत."

राहीबाईनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. "आन् तुमी मला सांगितलं, देवाला त्यो आवडला म्हनून."

"सांगितलं," केशरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मडमसाहेबांना सगळं सांगितलं, स्वतःच्या पुस्तकाचंही. यादी नाताळच्या अंकात आली, पहिलं नाव निळ्याचंच होतं, आणि खाली कुणाचंच नाव नव्हतं. ते केशरबाईंनीच नको म्हटलं. त्या साऱ्या हिवाळ्यात त्या विळा घेऊन सहा गावांत हिंडल्या. घरोघर बसून पानं फाडायच्या आणि अफूचं ते पान मोठ्यानं वाचायच्या. काही घरांत आया मध्येच उठून बाहेर जायच्या. त्या कोणत्या, हे केशरबाईंना आधीच ठाऊक असे, कारण तिथल्या दफनाची गीतंही त्यांनीच म्हटली होती.

शमुवेल चालायला लागला, बोलायला लागला. राहीबाई दर रविवारी देवळात येई. केशरबाई दारात आल्या तर त्यांना पाट देई, पाणी देई, नीट बोले. पोर मात्र तिनं पुन्हा कधी त्यांच्या मांडीवर दिलं नाही, आणि केशरबाईंनीही कधी हात पुढं केला नाही.