आजोबांची माती

“इसोदांच्या मागल्या अंगणात पुरलंय तरी काय?” असे एखाद्या नव्या भाडेकरूने विचारले, की आमच्या क्योतोच्या गल्लीतल्या बायका तोंडावर बाही धरून सांगत, “माती! नातवंड जपावं तशी जपतात.”

ते खरे होते. राकू पद्धतीचे चहाचे वाडगे घडवणाऱ्या त्या घराची रीतच होती: आजोबांनी मुरत ठेवलेली माती नातवाने वापरायची आणि स्वतः खणलेली आपल्या नातवासाठी ठेवायची. कानबेई इसोदांनी मात्र अजून कुदळ उचलली नव्हती. मुलगा शुन्जी नागोयाला फरशांच्या कारखान्यात होता आणि लग्नाचे नाव काढत नव्हता.

त्या वसंतात आजोबांच्या मातीचा शेवटचा गोळा उरला. त्यातून एकच वाडगा झाला. तो भाजायच्या दिवशी इसोदांनी शुन्जीला भाता ओढायला बोलावले, त्याच्या आवडीचा बांगडा आणून ठेवला. तो परत यावा, हे मात्र त्यांच्या तोंडून निघाले नाही.

काळ्या वाडग्याची झिलई वितळून चमकली, की तत्क्षणी तो लालबुंद असतानाच चिमट्याने बाहेर ओढायचा असतो. इसोदा भट्टीच्या तोंडाशी डोळे लावून बसले.

“हात अजून बरा चालतो तुझा.”

“आमच्याकडे हे काम बटण करतं, बाबा.”

“मग चहासुद्धा बटणालाच पाजत असशील.”

शुन्जी मोठ्याने हसला. भाता ओढता ओढताच म्हणाला, “तिकडे घर घेतलंय मी. आता येणं कमी होईल.”

इसोदा मान वळवून त्याच्याकडे पाहत राहिले.

“बाबा, झिलई!”

चिमटा आत गेला तोवर झिलई ओघळून वाडगा भट्टीच्या तळाला चिकटला होता. ओढताच तो दुभंगला.

“माझ्यामुळे झालं,” शुन्जी म्हणाला.

“चिमटा माझ्या हातात होता.”

बांगडा कोणीच खाल्ला नाही. संध्याकाळच्या गाडीने शुन्जी गेला.

आता अंगणातला माती मुरवायचा खड्डा बुजणार, असे गल्लीने ठरवून टाकले. पण थोड्याच दिवसांनी, सकाळी, इसोदा डोंगराकडून हातगाडा ओढत आले. वर ओले गोणपाट होते. शेजारच्या नोगुचीबाई वाटेतच उभ्या राहिल्या.

“अगबाई, इसोदासान! आता ही माती कुणासाठी हो?”

“ठाऊक नाही. बाजूला व्हा, गाडा जड आहे.”