चौथ्या पानावरची मशीनवहिनी

चादरीचं एक टोक दोरीवर आणि दुसरं हातात, अशी मशीनवहिनी थबकली. बादलीत निम्मे कपडे पिळून पडले होते, आणि आतून नवऱ्याचा आवाज आला होता, "अगं, पुढच्या महिन्यात बाबा कायमचे राहायला येतायत. त्या खोलीतलं तुझं टेबल, हत्यारं, सगळं काढावं लागेल. तसंही तुझं लिहिलेलं वाचतंय कोण?"

टोमणा खोटा नव्हता. एकोणीस वर्षं घरोघर जाऊन तिने शिलाई मशीन दुरुस्त केल्या. मग गुडघे रुसले, जिने चढवेनात. देवाने हातात दिलेली विद्या कुलपात कशाला ठेवायची, म्हणून तिने ब्लॉग सुरू केला. पण इंटरनेटवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं शोधलं की आधी मोठमोठ्या कंपन्या, मग त्यांचे भाऊबंद, आणि चौथ्या पानाच्या तळाशी वहिनी. दिवसाला सात जण येत, त्यातली एक ती स्वतः.

"एक महिना द्या, वाचणारे आणून दाखवते," ती म्हणाली. "नाही जमलं तर हत्यारं मीच भंगारात घालीन."

नणंद जाहिरातीच्या ऑफिसात होती. तिने फोनवरून तोडगा सांगितला, "वहिनी, सोप्पंय. लोक जे शोधतात तो शब्द ओळीओळीत पेरा."

वहिनीने एका लेखात 'शिलाई मशीन दुरुस्ती' एकेचाळीस वेळा पेरलं. नवऱ्याने तो मोठ्याने वाचला.

"हा लेख आहे की जप?"

"जप असता तर फळ तरी मिळालं असतं!"

आठवड्याभरात लेख सहाव्या पानावर घसरला.

हातपाय गाळून बसणारी ती नव्हे. पेरलेलं सगळं तिने उपटून टाकलं आणि मोठ्या साइट एकेक करून वाचून काढल्या. सगळीकडे आधी मशीनचा इतिहास, मग नव्या मॉडेलचं कौतुक, आणि शेवटी उत्तर काय, तर 'जवळच्या केंद्राशी संपर्क साधा.'

"वन्सं, यांनी दारात उभं राहून कुणा बाईचं ऐकलेलंच नाही हो," ती नणंदेला म्हणाली.

तिने मात्र ऐकलं होतं. तिची एक रीतच होती: मशीनला हात लावण्याआधी बाई काय म्हणते ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. कपाटाच्या वर अशा अकरा वह्या होत्या. त्या तिने खाली काढल्या. 'खालचा दोरा वर येत नाही.' 'कापड सरकतच नाही, एकाच जागी चावलं जातं.' 'जाड कापड दिलं की मशीन हटून बसते.' अकरा वह्यांत एकही बाई 'शिलाई मशीन दुरुस्ती' म्हणाली नव्हती!

मग रोज सकाळी देवाला हात जोडले की ती टेबलाशी बसे. एक तक्रार, एक लेख. मथळा बाईच्या शब्दांत आणि उत्तर पहिल्याच ओळीत: 'आधी सुई उलटी बसलीय का बघा.' फोटो इतके जड होते की पान उघडेपर्यंत दूध उतू जावं. ते हलके केले. एका लेखातून दुसऱ्यात जायला वाटा ठेवल्या. एका शिवणवर्गाच्या बाईंना ते लेख इतके आवडले, की त्यांनी वर्गाच्या साइटवर वहिनीच्या ब्लॉगचा पत्ता दिला.

सव्विसाव्या दिवशी नणंदेचा फोन आला. "वहिनी! 'खालचा दोरा वर येत नाही' असं टाकलं, तर तुम्ही पहिल्या पानावर! तिसऱ्या नंबरला!"

"आणि 'शिलाई मशीन दुरुस्ती'?"

"तिथे पाचव्या पानावर."

"राहू दे. तिथे कंपन्यांनाच बसू दे ऐसपैस."

त्या दिवशी दोनशे बारा जण येऊन गेले. एकीने लेखाखाली लिहिलं होतं: 'मशीन काढून टाकणार होते. सुईच उलटी होती. आज मुलीचा फ्रॉक शिवून झाला.' नवऱ्याने ते दोनदा वाचलं. मग त्याने मोजपट्टी काढली आणि खोलीत जाऊन भिंत मापली.

"बाबांचा पलंग खिडकीखाली गेला तर टेबल राहतंय. फक्त वीतभर लांब पडतंय."

"अहो, मग वीतभर कापू की!"

वहिनीने चपला घातल्या आणि टेबल कापायला कधी येतोस, हे विचारायला ती सुताराकडे निघाली.